चार कोपऱ्यांचा पुठ्ठा

पुठ्ठ्याचा एकच कोपरा कापलेला होता आणि ड्रॉइंगच्या सरांना ते बघवेना.

तसा पुठ्ठा साधाच. वहीच्या पानाएवढा, करड्या रंगाचा, त्याला पन्नास भोकं. मुलाची उत्तरपत्रिका खाली ठेवायची, वर पुठ्ठा ठेवायचा, भोकातून काळा केलेला गोल दिसला की एक मार्क. राज्याच्या शिक्षण खात्यानं तो सीलबंद पाकिटातून पाठवला होता आणि गुप्तता राहावी म्हणून त्यावर एक अक्षरही छापलं नव्हतं. फक्त वरचा उजवा कोपरा तिरका छाटलेला. बाकीचे तीन तसेच. तेवीस वर्षं पोरांपुढे 'समतोल, समतोल' म्हणून घसा कोरडा केलेला माणूस हे किती वेळ सहन करणार? सरांनी कात्री काढली, पट्टी लावून खुणा केल्या आणि उरलेले तीन कोपरेही त्याच मापानं कापून टाकले. मग पुठ्ठा हात लांब करून बघितला. आता कसा झकास दिसत होता.

तो कोपरा खात्यानं हौसेनं कापला नव्हता. वरची बाजू कुठली ते कळावं म्हणून कापला होता. हे सगळं 'प्रज्ञावंत विद्यार्थी : राज्यस्तरीय मानके व सेवा' या चौसष्ट पानी पुस्तिकेत एकेचाळिसाव्या पानावर चित्रासकट दिलेलं होतं. पण पुस्तिका वाचतो कोण? मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, ती क्लार्कच्या टेबलावर ठेवली. क्लार्कनं शिक्का मारून ती सरांच्या गळ्यात मारली, कारण शाळेत ड्रॉइंगचे तास कमी केल्यापासून सर 'रिकामे' होते आणि रिकामा माणूस दिसला की शाळेला काहीतरी सुचतंच. सर त्या दिवसापासून 'प्रज्ञा समन्वयक' झाले. पुस्तिका त्यांनी घरी नेऊन फळीवर ठेवली आणि कर्तव्य संपलं असं समजून हात झटकले.

खात्याचं म्हणणं सोपं होतं. पाचवीतल्या सगळ्या मुलांची चाचणी घ्या. वरची तीन टक्के मुलं प्रज्ञावंत, त्यांना विशेष वर्ग. खालची तीन टक्के मागे पडलेली, त्यांना आधारवर्ग. शाळेत पाचवीच्या चार तुकड्या मिळून दोनशे बारा मुलं. तीन टक्के म्हणजे सहा पूर्णांक काहीतरी.

"संगणक अपूर्णांक घेत नाही," क्लार्क म्हणाला. "सात धरा. वर सात, खाली सात. अर्ध्या मुलाला आपण वर्गात बसवायचं कसं?"

विशेष वर्गासाठी खात्यानं एक मोठी पेटीही पाठवली होती. तिच्यात कोडी, पुस्तकं, भिंगं आणि एक खराखुरा मायक्रोस्कोप होता. शिवाय विशेष वर्गातल्या मुलांना सहावीपासून मोठी प्रयोगशाळा असलेल्या राज्याच्या शाळेत जागा, फुकट. चाचणी फक्त पाचवीत. नंतर दार बंद.

सरांची मुलगी पाचवीतच होती. तिला सगळी शाळा 'शंका' म्हणायची, कारण तास कुठलाही असो, हिचा हात वर : "बाई, एक शंका." आई औषधांच्या दुकानात काउंटरवर बसायची. ती घरी आणायची त्या खोक्यांतले चिटोरेसुद्धा ही पोरगी शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. पेटीत मायक्रोस्कोप आलाय हे कळल्यापासून तिनं घरातल्यांचं डोकं खाल्लं होतं. डबक्यातल्या पाण्याच्या थेंबात काय काय पळत असतं, ते तिला एकदा, फक्त एकदा, स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. तिनं डबकंसुद्धा ठरवून ठेवलं होतं. शाळेच्या नळामागचं.

स्वतःचं मूल परीक्षेला म्हणून सरांना एक प्रतिज्ञापत्र भरून द्यावं लागलं : मी माझ्या पाल्याशी चाचणीविषयी अवाक्षर बोलणार नाही. सरांनी ते दोनदा वाचून सही केली. प्रामाणिकपणा ही एकच गोष्ट त्यांच्याजवळ भरपूर होती आणि ती ते जरा मिरवायचेही.

चाचणी झाली. सरांनी पुठ्ठा वरच्या कडेनं टेबलाला चिकटपट्टीनं चिकटवला आणि एकेक उत्तरपत्रिका खाली सरकवून दोन दिवसांत दोनशे बारा तपासल्या. पुठ्ठा उलटा होता. वरची बाजू खाली, खालची वर. पहिल्या प्रश्नाचं भोक पन्नासाव्या प्रश्नावर, 'अ'चं भोक 'ड'वर. चारी कोपरे एकसारखे झाल्यावर हे कुणाच्या बापाला कळणार होतं?

मार्क फारच कमी पडले. "राज्याची परीक्षा आहे सर, कठीणच असणार," मोठ्या बाई म्हणाल्या. पहिली आली एकोणीस मार्कांची मुलगी. शाळेच्या फुटबॉल संघाची गोलकीपर. तिची त्या दिवशी मॅच होती, त्यामुळे तिनं पन्नासच्या पन्नास प्रश्नांना 'क' असं उत्तर देऊन चार मिनिटांत मैदान गाठलं होतं. आणि ज्यांनी सगळी उत्तरं बरोबर लिहिली, त्या सगळ्यांना उलट्या पुठ्ठ्यानं अगदी सारखे मार्क दिले. चार.

त्यात शंकाही होती.

सरांनी तिचा पेपर तीन वेळा तपासला. तीनही वेळा त्याच पुठ्ठ्यानं, त्याच चिकटपट्टीखाली. तीनही वेळा चार. मग त्यांनी चष्मा पुसला, यादीत तिचं नाव खालच्या सातांत स्वतःच्या हातानं लिहिलं आणि बाईंपुढे ठेवलं.

"स्वतःच्या मुलीलासुद्धा सोडलं नाहीत हो तुम्ही," बाई भारावून म्हणाल्या.

सरांना त्या अवस्थेतही थोडं बरं वाटलं. माणूस किती मूर्ख असू शकतो, ते इथे नोंदवून ठेवायला हरकत नाही.

घरी मात्र बायको भारावली नाही.

"चार? पन्नासात चार? अहो, शंकाला? काहीतरीच काय!"

"मी स्वतः तपासलाय. तीनदा."

"मग चौथ्यांदा दुसऱ्या कुणाला तरी दाखवा."

"गोपनीय आहे ते."

शंका जेवता जेवता थांबली होती. "पण बाबा, माझी सगळी बरोबर होती. मी दोन वेळा बघितली."

आता इथे बाप म्हणून सर काहीही बोलू शकले असते. पण ते समन्वयक म्हणून बोलले. "चुकणाऱ्या प्रत्येकाला आपलं बरोबरच वाटतं, बाळा. चूक मान्य करायला शिकावं माणसानं."

शंकानं मान खाली घातली. ताटातलं संपवलं, ताट घासायला ठेवलं आणि खोलीत निघून गेली. त्या दिवसापासून शाळेत तिचा हात वर जायचा थांबला.

वर्ग सुरू झाले. समन्वयक म्हणून दोन्ही सरांकडेच. सकाळी विशेष वर्ग, दुपारी आधारवर्ग. सकाळी सात प्रज्ञावंत मायक्रोस्कोपभोवती जमायचे आणि तो दुर्बिणीसारखा उचलून मैदानावर कोण कोण आहे ते बघायचे. दुपारी वर्गातले पहिले, दुसरे, तिसरे नंबर रंगीत मणी दोऱ्यात ओवून वीसपर्यंत मोजायचे, कारण खात्यानं आधारवर्गासाठी मणीच पाठवले होते. या हुशार पोरांच्या आईबापांनी गोंधळ कसा घातला नाही, असं कुणी विचारेल. पण दुसऱ्याच्या मुलाला चार मार्क पडले तर माणूस चारचौघांत बोलतो. स्वतःच्या मुलाला पडले तर तो दार लावून घेतो.

विशेष वर्गाला दर आठवड्याला एक प्रयोग लिहून खात्याकडे पाठवावा लागे. गोलकीपर दुसऱ्याच आठवड्यात रडकुंडीला आली आणि वही घेऊन शंकाच्या घरी हजर झाली.

"शंके, लिहून दे ना. मला हुशार व्हायचंच नव्हतं गं. आठवड्यातून तीन दिवस प्रॅक्टिस बुडते माझी."

"थेंबात काय दिसलं?"

"काळं दिसलं सगळं."

"झाकण काढलं होतंस का?"

"झाकण असतं?"

शंकानं पुस्तकं चाळून प्रयोग लिहून दिला. खात्याकडून 'उत्कृष्ट निरीक्षण' असा शेरा आला. पुढच्या आठवड्यापासून सातही वह्या तिच्याकडे यायला लागल्या. सरांना यातलं काही माहीत नव्हतं. ते बायकोला म्हणायचे, "काही म्हण, पण चाचणीनं मुलं अचूक निवडली बघ."

सत्र संपत आलं तशी खात्याकडून दुसरी पाकिटं आली. पुस्तिकेच्या बावन्नाव्या पानाप्रमाणे आधारवर्गातल्या मुलांना एक शेवटची संधी होती. तीच प्रश्नपत्रिका (खात्यानं जास्त छापून ठेवल्या होत्या), तीच चाचणी. चाळिसाच्या वर मार्क पडले तर मूल थेट विशेष वर्गात, मोठ्या शाळेतल्या जागेसकट. पाकिटात नवा पुठ्ठा होता. एकच कोपरा कापलेला.

सरांचा हात सवयीनं कात्रीकडे गेला. पण खात्यानं दोनदा तीच चूक कशी केली, या विचारानं थांबला. पहिला पुठ्ठा त्यांनी घरी कपाटात, चादरींच्या घडीखाली ठेवला होता. सरकारी वस्तू, फेकता येत नाही. दुपारी घरी कुणी नसताना त्यांनी तो काढला आणि नव्यावर ठेवला. भोकं जुळेनात. मग त्यांनी नव्याचा कापलेला कोपरा वर उजवीकडे धरला आणि जुना, ज्या बाजूला अजून चिकटपट्टीचा डाग होता ती बाजू खाली करून, ठेवला. पन्नास भोकांवर पन्नास भोकं बसली. सर कपाटापाशीच जमिनीवर बसले. त्यांना दोनशे बारा मुलं आठवायला हवी होती, पण आठवलं फक्त मान खाली घालून ताट संपवणारं एक मूल.

तिथून ते दोन्ही पुठ्ठे आणि फळीवरची पुस्तिका घेऊन तडक शाळेत गेले आणि मोठ्या बाईंपुढे सगळं ओकले.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "दार लावा आधी," त्या म्हणाल्या. क्लार्क आतच होता. त्यानं पहिल्यांदाच पुस्तिका उघडली.

"पान साठ. गोपनीय साहित्याशी छेडछाड. शाळेच्या सगळ्या उत्तरपत्रिका रद्द. शाळा पाच वर्षं योजनेबाहेर." त्यानं पुस्तिका मिटली. "म्हणजे तुम्ही खरं सांगितलंत की वरचे सात गेले, खालचे सात गेले, पेटीसुद्धा गेली. आणि सर, तुमचीच मुलगी आहे खालच्या सातांत. लोक काय म्हणतील? चार मार्क पडले म्हणून बापानं पुठ्ठाच बदलला."

"मग मी काय करू?"

"सर," बाई हात जोडून म्हणाल्या, "मला निवृत्तीला एक वर्ष आहे. तुम्ही कोपरे कापलेत, आता निदान तोंड शिवा. फेरचाचणी आहे ना? नवा पुठ्ठा सरळ धरा. ती सात पोरं आपोआप वर जातील. कुणाचं नुकसान नाही, कुणाला कळायला नको."

सर विचार करत राहिले आणि त्यांना ते पटलं. पुठ्ठा सरळ धरायचा. त्यात काय खोटं होतं? उलट तेच खरं होतं. शंकाला सगळं येतं. पन्नासच्या पन्नास पडतील, ती वर जाईल आणि सकाळच्या वर्गात सर स्वतः तिच्यापुढे मायक्रोस्कोप ठेवतील, झाकण काढून. नवा पुठ्ठा त्यांनी बाईंच्या कपाटात कुलपात ठेवला. जुना परत चादरींखाली गेला.

बायकोला मात्र त्यांनी सांगितलं. तिनं गॅस बंद केला. मग म्हणाली, "तिला सांगा."

"काय?"

"चुकलो म्हणून सांगा. तुझी उत्तरं बरोबर होती, एवढं एक वाक्य. सत्रभर मणी ओवतेय हो ती."

"चाचणीविषयी अवाक्षर बोलायचं नाही, असं लिहून दिलंय मी. चाचणी झाली की सांगतो. चारच दिवस."

"त्या कागदावर सही करताना हात थरथरला नाही, आणि मुलीशी बोलायला कागद आडवा येतो?"

खरी गोष्ट अशी की कागद नसता तरी ते बोलले नसते. मुलीपुढे चूक कबूल करायची म्हणजे तिच्या डोळ्यांत बघावं लागणार होतं आणि पन्नास मार्क हातात घेऊन गेलं तर ते जरा सोपं जाईल, असा त्यांचा हिशोब होता.

फेरचाचणीच्या आदल्या संध्याकाळी शंका त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली. बऱ्याच दिवसांनी.

"बाबा, एक शंका. तपासायचा पुठ्ठा दर वेळी तोच असतो?"

"परीक्षेविषयी बोलायचं नाही. माहीत आहे ना तुला?"

"हो," ती म्हणाली आणि गेली.

चाचणी झाली. दुसऱ्या दिवशी सरांनी बाईंसमोर नवा पुठ्ठा कोपरा बघून सरळ चिकटवला. पहिली उत्तरपत्रिका सत्तेचाळीस. दुसरी पन्नास. तिसरी एकोणपन्नास. बाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. चौथी, पाचवी, सहावी, सगळ्या पंचेचाळिसाच्या वर. सातवी शंकाची. सरांनी ती मुद्दाम शेवटी ठेवली होती.

पहिल्या भोकात काही नव्हतं. दुसऱ्यात नव्हतं. सरांनी कागद नीट सरकवला. तिसऱ्यात नव्हतं. सगळी भोकं मोजून झाली.

"किती?" बाईंनी विचारलं.

"चार."

क्लार्कनं आकडा संगणकात घातला. "सहा वर गेले, एक राहिली. एखादं राहतंच हो सर. आणि बघा ना, तेव्हाही चार, आत्ताही चार. म्हणजे पुठ्ठ्याचा दोष नव्हताच म्हणायचा." बाईंना एवढ्या वेळात राज्यभर आपलं नाव दिसायला लागलं होतं. आधारवर्गाची सात मुलं, एका सत्रात त्यातली सहा चारावरून पन्नासावर! तेरा प्रज्ञावंत! अशी शाळा राज्यात दुसरी नसणार. त्यांनी समन्वयकाच्या गौरवासाठी खात्याला पत्र लिहायला घेतलंसुद्धा.

सर घरी आले तेव्हा शंका टेबलाशी बसून काहीतरी लिहीत होती. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"शंका," सर म्हणाले, "पेपरात काय लिहून आलीस गं?"

शंकानं त्यांच्याकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "पुठ्ठा सरळ धरलात?"

"तुला कुणी सांगितलं?" सर म्हणाले.

"मला आधीच कळलं होतं बाबा. पहिल्या निकालानंतर मी पुस्तिका वाचली. एकेचाळिसाव्या पानावर चित्र आहे. मग चादरी काढताना तुमचा पुठ्ठा मिळाला. चारी कोपरे कापलेले. तुम्हीच कापले असणार, मला माहीत होतं. कॅलेंडरचेही कापता ना तुम्ही." ती उगीच पेन्सिल फिरवत राहिली. "मी परवा बघितलं, पुठ्ठा चादरींखाली तसाच होता. म्हटलं, आताही तोच वापरणार, उलटाच धरणार. म्हणून मी सगळी उत्तरं काढली आणि उलटी करून भरली. पन्नासाव्याचं पहिल्याला, 'अ'चं 'ड'. खूप वेळ लागला."

"अगं, मला सांगायचं नाहीस का?" सर म्हणाले.

"मी सांगितलं होतं. पहिल्या दिवशीच. माझी सगळी बरोबर आहेत म्हणून."

सर खाली बसले, तिच्या खुर्चीशेजारी, जमिनीवर. "चुकलो गं मी. फार मोठी चूक झाली माझी. तेव्हाच सांगायला हवं होतं तुला. शरम वाटली."

शंकानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मोठ्या माणसासारखी समजूत घातली. "असू दे बाबा. चुकणाऱ्या प्रत्येकाला आपलं बरोबरच वाटतं. या वेळी मलापण वाटलं."

बायको आत वळली. आतून बराच वेळ नुसताच नळाचा आवाज येत राहिला.

"पुढच्या वर्षी मी स्वतः खात्यात जाऊन..." सर म्हणायला लागले.

"पुढच्या वर्षी नसतं बाबा. पान बावन्न." तिनं समोरची वही ओढली. गोलकीपरची होती ती. उद्या द्यायची होती. "तुम्ही मला एवढी आकृती काढून द्याल? माझी नीट येत नाही. मायक्रोस्कोपमधून थेंब कसा दिसतो त्याची."

विशेष वर्गाच्या वह्या इथे लिहिल्या जातात हे सरांना तेव्हा कळलं. आणखी एका नियमाचा भंग. त्यांनी निमूट पेन्सिल घेतली, टोक केलं आणि पानाच्या मधोमध एक वर्तुळ काढलं. तेवीस वर्षांचा हात, वर्तुळ सुरेख आलं.

"आत काय काढू?" त्यांनी विचारलं.

"मला काय माहीत?" शंका म्हणाली. "मी कुठे बघितलंय?"